मिनिजीनचा रेशो दर खेपेला वेगळा येतोय? एसआर प्रोटीनला दोष देण्याआधी हे तपासा

लक्षण ओळखीचं आहे. मिनिजीन म्हणजे एक एक्झॉन (आरएनएत टिकणारा तुकडा) आणि त्याच्या आजूबाजूचे इंट्रॉन (कापून काढले जाणारे भाग) असलेलं छोटं नमुना-जनुक; स्प्लायसिंगमध्ये, म्हणजे आरएनएची काटछाट आणि जोडणी होताना, तो एक्झॉन किती प्रमाणात आत राहतो हे त्यावर मोजतात. एसएमएन२ या जनुकाच्या एक्झॉन ७ चं मिनिजीन सेल्समध्ये टाकलं, सोबत एसआरएसएफ१ चा (स्प्लायसिंग वळवणाऱ्या एसआर गटातल्या प्रोटीनचा) प्लाझ्मिड, म्हणजे ते प्रोटीन बनवणारं डीएनएचं वर्तुळ, दिला. जेलवर दोन बँड आले: वरचा एक्झॉन ७ सकट, खालचा एक्झॉन वगळलेला. गुरुवारच्या सेटमध्ये इन्क्लूजन (एक्झॉन आत राहिलेल्या आरएनएचा वाटा) ५५ टक्के, सोमवारच्या सेटमध्ये ३८, पुढच्या आठवड्यात पुन्हा ६०. वैतागाची गोष्ट म्हणजे नुसता रिकामा व्हेक्टर (प्रोटीनचं जनुक नसलेला प्लाझ्मिड) दिलेला कंट्रोलही सोबत वर-खाली होतो. मग एसआरएसएफ१ चा परिणाम ‘कधी दिसतो, कधी नाही’ असं लॅब मीटिंगमध्ये सांगावं लागतं आणि कुणीतरी नवीन अँटिबॉडी मागवायचा सल्ला देतं.

अँटिबॉडी नंतर. खारघर, रबाळे, महापे ते वागळे इस्टेट या नवी मुंबई-ठाणे पट्ट्यात सेल कल्चर करणाऱ्यांनी आधी पीसीआर आणि इन्क्युबेटर या दोन गोष्टी तपासाव्यात. त्यातली दुसरी जवळपास कुणीच तपासत नाही.

हा रेशो इतका हळवा का असतो

एक्झॉनच्या दोन टोकांवरच्या खुणा पक्क्या असतील तर फारशी मदत लागत नाही. पुढच्या इंट्रॉनच्या सुरुवातीला, म्हणजे ५ प्राइम साइटवर, यू१ हा आरएनए-प्रोटीनचा संच बसतो. मागच्या इंट्रॉनच्या शेवटी, म्हणजे ३ प्राइम साइटच्या बाजूला, ब्रँच पॉइंटवर एसएफ१, पिरिमिडिनच्या पट्टीवर यू२एएफ६५ आणि शेवटच्या एजीवर यू२एएफ३५ बसतात, आणि गाडी पुढे निघते. खुणा कमजोर असल्या की बाकीच्या प्रोटीनचा शब्द चालतो. एक्झॉनमधल्या एन्हान्सरवर (इन्क्लूजन वाढवणाऱ्या अक्षरमालेवर) बसलेलं एसआर प्रोटीन यू१ ला आणि यू२एएफला (वरच्या ६५ आणि ३५ च्या जोडीला) धरून आणतं. एचएनआरएनपी ए१ सारखं प्रोटीन सायलेन्सरवर (इन्क्लूजन दाबणाऱ्या अक्षरमालेवर) बसून त्यांची वाट अडवतं. मायेडा आणि क्रेनर यांनी १९९२ मध्ये टेस्ट ट्यूबमध्ये दाखवलं की एसएफ२, म्हणजे आजचं एसआरएसएफ१, वाढवलं तर जवळची ५ प्राइम साइट निवडली जाते आणि एचएनआरएनपी ए१ वाढवलं तर लांबची. १९९४ मध्ये कासेरेस आणि सहकाऱ्यांनी तेच जिवंत पेशींत दाखवलं. म्हणजे निकाल ठरतो तो या दोघांच्या आपसातल्या प्रमाणावर. एकट्या एसआरएसएफ१ चं प्रमाण कळून अर्धंच उत्तर मिळतं.

एसएमएन१ या जुळ्या जनुकाच्या तुलनेत एसएमएन२ मध्ये एक्झॉन ७ च्या सहाव्या जागी सी ऐवजी टी आहे. या एका अक्षराने एसआरएसएफ१ ची जागा मोडते असं कार्तेग्नी आणि क्रेनर यांनी २००२ मध्ये मांडलं. काशिमा आणि मॅनली यांनी २००३ मध्ये दाखवलं की त्याच बदलाने एचएनआरएनपी ए१ ला बसायला जागा तयार होते. एक्झॉनच्या मधोमध ट्रा२ बीटा बसतं आणि इन्क्लूजन टिकवून धरतं. पुढच्या इंट्रॉनमध्ये दहाव्या ते चोविसाव्या न्यूक्लिओटाइडवर आयएसएस-एन१ हा सायलेन्सर आहे, तो पुन्हा उलट्या बाजूला ओढतो. असा ताणलेला एक्झॉन रिपोर्टर म्हणून उत्तम, कारण तो बारीकसा बदलही दाखवतो. त्याच कारणाने तो तुम्ही न केलेले बदलही दाखवतो.

आधी पीसीआरची झडती

पहिली चाचणी फुकट आहे. मागच्या दोन सेटचं उणे ८० मध्ये ठेवलेलं आरएनए काढा, दोन्हींचं आरटी-पीसीआर (आरएनएवरून सीडीएनए नावाची डीएनएची प्रत काढून ती पीसीआरने वाढवणं) एकाच दिवशी, एकाच मास्टर मिक्समध्ये करा आणि एकाच जेलवर चालवा. दोन सेटमधला फरक नाहीसा झाला तर पेशी निर्दोष आहेत, गडबड मोजणीत आहे. फरक तसाच राहिला तर हा भाग भराभर वाचून पुढे जा.

मोजणीतली सगळ्यात मोठी चूक सायकलची. ३५ सायकल केल्यावर प्रायमर आणि एन्झाइम दोन्ही दमतात, छोटा प्रॉडक्ट पुढे निघतो आणि रेशोला अर्थ उरत नाही. एकाच सीडीएनएवर २२, २५ आणि २८ सायकल चालवा. तिन्हींत टक्केवारी सारखी आली पाहिजे. जिथून ती सरकायला लागते त्याच्या दोन-तीन सायकल आधी थांबा. बँड फिके दिसतात म्हणून सायकल वाढवू नका, सीडीएनए वाढवा.

दोन बँडच्या मध्ये तिसरा अस्पष्ट बँड दिसतो का? तो बहुतेक वेळा नवीन आयसोफॉर्म (आरएनएचा वेगळा प्रकार) नसतो. एक्झॉन असलेली एक साखळी आणि नसलेली दुसरी एकमेकींना चिकटून हेटेरोड्युप्लेक्स बनतो, मधल्या फुगवट्यामुळे तो जेलमध्ये रेंगाळतो आणि भलत्याच जागी दिसतो. शेवटच्या सायकलमध्ये प्रायमर संपले की हा वाढतो. पीसीआर प्रॉडक्ट १ ला १० पातळ करून, ताजे प्रायमर आणि ताजं एन्झाइम घालून फक्त दोन सायकल द्या. बँड गेला तर तो हेटेरोड्युप्लेक्स होता. राहिला तर जेलमधून कापून सिक्वेन्स करा, कारण कधीकधी खरोखरच क्रिप्टिक साइट (एरवी न वापरली जाणारी, लपलेली) वापरली गेलेली असते.

लांबीची दुरुस्ती बरेच जण विसरतात. रंग डीएनएच्या लांबीच्या प्रमाणात बसतो, त्यामुळे लांब बँड उगाच जास्त उजळ दिसतो. समजा वरचा बँड ३०० बेसपेअरचा, खालचा २४६ चा (एक्झॉन ७ चे ५४ वजा), आणि तीव्रता अनुक्रमे ६०० आणि ४००. सरळ भागाकार केला तर ६० टक्के. लांबीने भागलं तर २ आणि १.६३, म्हणजे ५५ टक्के. लॅबमधल्या एकाने दुरुस्ती केली आणि दुसऱ्याने नाही, एवढ्यावरच पाच टक्क्यांचा ‘परिणाम’ मिळालेला असतो. फॅम (चमकणारा रंग) लावलेला प्रायमर वापरून कॅपिलरीवर (बारीक नळीच्या यंत्रावर) मोजलं तर ही दुरुस्ती लागत नाही, कारण एका रेणूला एकच फॅम. कॅपिलरीचं काम बाहेर द्यायचं असेल तर पीसीआर प्रॉडक्ट पाठवा, आरएनए नको. संध्याकाळी ऐरोली-मुलुंड पुलावर कुरिअर अडकला तरी आइस पॅकवरचा प्रॉडक्ट तग धरतो. आरएनएला ड्राय आइस लागतो आणि तो वाटेत संपतो.

प्लाझ्मिडचा उपद्रव मिनिजीनमध्ये हमखास. पेशींत त्याच्या भरमसाट प्रती ओतलेल्या असतात, त्या आरएनएसोबत येतात. इंट्रॉन राहून गेलेल्या आरएनएचा बँड आणि प्लाझ्मिडचा बँड एकाच उंचीवर पडू शकतात, म्हणून आरटी (सीडीएनए बनवणारं एन्झाइम) न घातलेला कंट्रोल प्रत्येक नमुन्याला हवा, सेटमागे एक पुरत नाही. १ मायक्रोग्रॅम आरएनएला १ युनिट डीएनेज १, १५ मिनिटं. मग १० मायक्रोलिटरमागे २५ मिलिमोलर ईडीटीए १ मायक्रोलिटर घालून ६५ अंशांवर १० मिनिटं. ईडीटीए न घालता तापवलंत तर मॅग्नेशियम आरएनएचेच तुकडे करतं. तरीही प्लाझ्मिड उरलं तर पीसीआरच्या आधी सीडीएनएवर डीपीएन१ (मिथाइल लागलेलं जीएटीसी कापणारं एन्झाइम) वापरा. डीएच५ अल्फा या बॅक्टेरियामधून काढलेल्या प्लाझ्मिडवर मिथाइल असतात, ते कापलं जातं; सीडीएनएवर नसतात, ते वाचतं. दोन प्रायमरच्या मध्ये जीएटीसी आहे ना तेवढं बघून घ्या. आणि एक प्रायमर व्हेक्टरमधला ठेवा, नाहीतर पेशीच्या स्वतःच्या एसएमएनचा आरएनएही मोजला जाईल.

कायमचा इलाज म्हणून दोन्ही प्रॉडक्ट क्लोन करा, २०:८०, ५०:५० आणि ८०:२० असे मिसळून छोट्या नळ्यांत गोठवून ठेवा आणि प्रत्येक जेलवर चालवा. ५०:५० ची लेन ५० दाखवत नसेल तर त्या दिवशीचे बाकीचे आकडे लिहूच नका.

ट्रान्सफेक्शन: जास्त मिनिजीन म्हणजे कमी प्रोटीन

ट्रान्सफेक्शन म्हणजे पेशींत प्लाझ्मिड टाकणं. मिनिजीनचा प्रत्येक आरएनए पेशीतल्या एसआर आणि एचएनआरएनपीला थोडा थोडा गिळतो. प्रमाण वाढवलं तर मोजण्याची वस्तूच मोजायच्या प्रोटीनचा साठा उपसून टाकते. एचईके २९३टी या पेशी वापरणाऱ्यांना हे जास्त भोवतं: त्या पेशींत लार्ज टी अँटिजेन असतं आणि पीसीडीएनए३.१ सारख्या प्लाझ्मिडमध्ये एसव्ही४० चं ओरिजिन (प्रत काढायला सुरुवात होते ती जागा), त्यामुळे प्लाझ्मिड पेशीत प्रती काढत बसतं. एचईके २९३ किंवा हेला घ्या, नाहीतर ओरिजिन नसलेला व्हेक्टर घ्या.

सहा वेलच्या प्लेटमध्ये मिनिजीन ०.२ मायक्रोग्रॅम पुरे. प्रोटीनचा प्लाझ्मिड ०.२ पासून १.६ पर्यंत चढवा आणि एकूण डीएनए सगळ्या वेलमध्ये २ मायक्रोग्रॅमच राहील इतका भरीचा प्लाझ्मिड घाला. भरीला त्याच प्रमोटरखाली (जनुक चालू करणाऱ्या भागाखाली) जीएफपी हे चमकणारं प्रोटीन असलेला प्लाझ्मिड घ्या. अगदी रिकामा व्हेक्टर बरोबर नाही, कारण प्रमोटर ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरसाठी भांडतात आणि मिनिजीनचं ट्रान्सक्रिप्शन बदललं की स्प्लायसिंगही बदलू शकतं. प्रमोटर बदलला की त्याच एक्झॉनचा रेशो बदलतो, हे ब्वेनोस आइरेसच्या कोर्नब्लिट यांच्या गटाने १९९० च्या दशकात फायब्रोनेक्टिनच्या मिनिजीनवर दाखवलेलं आहे. म्हणून दोन लॅबच्या मिनिजीनचे आकडे शेजारी ठेवताना आधी प्रमोटर विचारा.

आरएनए २४ तासांनी काढा. ४८ तास थांबल्यावर पेशी दाटतात आणि एसआरएसएफ१ चा विषारीपणा दिसू लागतो.

सोमवारचा रेशो

आता इन्क्युबेटर. एसआर प्रोटीनचं नुसतं असणं पुरत नाही. त्यांच्या आरएस (आर्जिनिन-सेरिनच्या) शेपटीवर फॉस्फेट किती आहे, यावर ते कुठे असतील आणि कुणाला धरतील हे ठरतं. ते फॉस्फेट लावतात एसआरपीके आणि सीएलके हे काइनेज. २०२० मध्ये बर्लिनच्या एका गटाने दाखवलं की सीएलके शरीराच्या तापमानाच्या मर्यादेतच तापमापकासारखे वागतात: ३५ अंशांच्या आसपास जास्त सक्रिय, ३८ ला मंद. एवढ्या दोन-तीन अंशांत एसआरचं फॉस्फोरिलेशन आणि त्यासोबत कितीतरी एक्झॉनचं स्प्लायसिंग बदलतं. याहून मोठा हीट शॉक बसला तर एसआरएसएफ१० चे फॉस्फेट उतरतात आणि ते सरसकट स्प्लायसिंग दाबतं.

बहुतेक कार्बन डायऑक्साइड इन्क्युबेटर फक्त तापवतात, थंड करायची सोय त्यांच्यात नसते. सेट ३७ असेल तर खोली निदान ५ अंशांनी थंड हवी, म्हणजे ३२ च्या खाली. एप्रिल-मे मध्ये शनिवारी संध्याकाळी एसी बंद करून लॅबला कुलूप लावलं की तुर्भे-महाप्यातली खोली रविवारी दुपारपर्यंत ३३-३४ सहज गाठते. शेजारी उणे ८० फ्रीजर गरम हवा फेकत असेल आणि एका इन्क्युबेटरवर दुसरा चढवलेला असेल तर वरच्यात ३८ ओलांडायला वेळ लागत नाही. सोमवारी सकाळी एसी लागतो, डिस्प्ले ३७.० दाखवतो आणि कुणाला काही कळत नाही. पावसाळ्यात उलटं: जूनच्या पहिल्या सरींत लाइट जाते, जनरेटरवर बदली होताना इन्क्युबेटर बंद पडतो आणि काही मॉडेल हाताने चालू केल्याशिवाय तापत नाहीत.

डिस्प्लेवर विसंबू नका. एका छोट्या फ्लास्कमध्ये १० मिलिलिटर पाणी घेऊन त्यात डेटा लॉगरचा प्रोब बुडवा, फ्लास्क तुमची प्लेट असते त्याच फळीवर ठेवा आणि शुक्रवार ते मंगळवार दर ५ मिनिटांनी नोंद घ्या. हवेत लटकवलेला प्रोब दार उघडलं की उड्या मारतो, पाण्यातला मीडियाचं खरं तापमान सांगतो. ट्रान्सफेक्शनपासून आरएनए काढेपर्यंत ३६.५ ते ३७.५ च्या बाहेर गेलेला सेट मोजणीतून बाद करा, आकडा कितीही आवडता असला तरी.

संशय पक्का करायचा असेल तर त्याच पेशींची एक प्लेट टीजी००३ या सीएलके इनहिबिटरवर (सीएलके दाबणाऱ्या रसायनावर) ठेवा, १० मायक्रोमोलर, ६ तास. शेजारी तितकंच डीएमएसओ दिलेला कंट्रोल. टीजी००३ ने रेशो ज्या दिशेला सरकतो त्याच दिशेला सोमवारचे सेट सरकलेले असतील, तर चोर बहुधा इन्क्युबेटरच.

याच भागात दाटीही येते. पेशी ७०-८० टक्क्यांवर असतानाच काढा. मीडिया पिवळा पडला म्हणजे पीएच उतरला, आणि एसएमएन२ चा एक्झॉन ७ मीडियाच्या पीएचला प्रतिसाद देतो हे प्रयोगांत दिसलेलं आहे. रविवारी सिलिंडर रिकामा झाला तर पीएच वर जातो, तोही तितकाच त्रासाचा. मायकोप्लाझ्माची चाचणी वेगळी सांगायला नको.

प्रोटीन खरंच बदललं का

पीसीआर ठीक, इन्क्युबेटर ठीक, तरी परिणाम नाही. आता वेस्टर्न, म्हणजे अँटिबॉडीने प्रोटीन मोजणं. लायसिस बफरमध्ये सोडियम फ्लोराइड १० मिलिमोलर, बीटा ग्लिसरोफॉस्फेट १० आणि ऑर्थोव्हॅनेडेट १ मिलिमोलर त्याच दिवशी घाला, नाहीतर लायसेट बर्फावर असतानाच फॉस्फेट उतरतात आणि बँड खाली सरकतो. एमएबी१०४ ही अँटिबॉडी एसआर प्रोटीनवरचं फॉस्फेट ओळखते. तिचे बँड फिके झाले म्हणजे प्रोटीन कमी झालं असं नाही. एसआरएसएफ२ साठी जुनी एससी-३५ अँटिबॉडी वापरत असाल तर थांबा. तिचं मुख्य लक्ष्य एसआरआरएम२ हे सुमारे ३०० किलोडाल्टनचं प्रोटीन आहे, हे २०२० मध्ये उघड झालं. न्यूक्लियर स्पेकल दाखवायला ती चालते, एसआरएसएफ२ ची पातळी मोजायला नाही.

एसआरएसएफ१ चा टॅग लावलेला बँड झकास दिसतो पण एकूण एसआरएसएफ१ वाढलेलं नाही, असंही होतं. एसआरची बहुतेक जनुकं स्वतःवर लगाम ठेवतात: प्रोटीन वाढलं की ते स्वतःच्याच आरएनएचं असं स्प्लायसिंग घडवतं की तो आरएनए एनएमडीमध्ये (सदोष आरएनए संपवणाऱ्या पेशीच्या व्यवस्थेत) नष्ट होतो, अनेकदा पॉयझन एक्झॉन (अकाली स्टॉप आणणारा एक्झॉन) घालून. म्हणजे बाहेरून जितकं दिलं, तितकं आतलं उतरतं. म्हणून टॅगची अँटिबॉडी आणि प्रोटीनची अँटिबॉडी, दोन्ही लावा. तुमच्या मिनिजीनच्या एखाद्या आयसोफॉर्ममध्ये अकाली स्टॉप कोडॉन येत असेल तर तोही एनएमडीत जाईल आणि रेशो खोटा दिसेल. एनएमडी थांबवणारं सायक्लोहेक्झिमाइड १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, ४ तास देऊन एकदा पडताळा.

नॉकडाउन (पेशीतलं प्रोटीन कमी) करणाऱ्यांची अडचण वेगळी. एचएनआरएनपी ए१ काढलं तर ए२/बी१ त्याची जागा बऱ्यापैकी भरून काढतं, म्हणून एसएमएन२ वर परिणाम बघायला दोन्ही एकत्र उतरवावे लागतात. पीटीबीपी१ हे दुसरं स्प्लायसिंग प्रोटीन काढलं तर पीटीबीपी२ चा एक्झॉन १० आत येतो आणि आतापर्यंत नष्ट होत असलेलं पीटीबीपी२ प्रोटीन तयार होऊ लागतं. एसआयआरएनए (नॉकडाउन घडवणारा छोटा आरएनए) २० नॅनोमोलर, वेगवेगळ्या जागांचे दोन, ४८ तासांनी मिनिजीन, ७२ तासांना आरएनए. ए१ आणि ए२ दोन्ही काढल्यावर त्यापुढे ताणू नका, पेशी मरायला लागतात आणि मग तुम्ही मरणाऱ्या पेशींचं स्प्लायसिंग मोजता.

परिणाम उलटा आला तर

एसआर म्हणजे इन्क्लूजन आणि एचएनआरएनपी म्हणजे स्किपिंग (एक्झॉन वगळणं), ही परीक्षेपुरती ठीक असलेली समजूत प्रयोगात फसवते. प्रोटीन कुठे बसतं यावर दिशा ठरते. आरबीफॉक्स हे प्रोटीन यूजीसीएयूजी या अक्षरांवर बसतं. ही खूण एक्झॉनच्या पुढच्या इंट्रॉनमध्ये असेल तर एक्झॉन आत येतो, मागच्या इंट्रॉनमध्ये असेल तर बहुधा बाहेर जातो. नोव्हा या प्रोटीनचं गणित जवळपास तसंच. एसआर प्रोटीनही याला अपवाद नाहीत: अॅडिनोव्हायरसच्या ३ए आरएनएमध्ये ते ब्रँच पॉइंटच्या मागे इंट्रॉनमध्ये बसतात आणि यू२ या संचाला येऊ देत नाहीत, हे १९९६ पासून माहीत आहे. उलटा निकाल आला की आधी सिक्वेन्समध्ये मोटिफची (प्रोटीन बसतं त्या खुणेची) जागा बघा. मिनिजीनमध्ये दोन्ही बाजूंचा इंट्रॉन निदान २००-३०० न्यूक्लिओटाइड आहे ना तेही बघा, कारण क्लोनिंग सोपं व्हावं म्हणून छाटलेल्या इंट्रॉनसोबत या खुणा कचऱ्यात गेलेल्या असतात.

परिणामच दिसत नसेल तर साइटची ताकद काढा. मॅक्सएंटस्कॅनला (साइटच्या ताकदीला गुण देणाऱ्या प्रोग्रामला) ५ प्राइमसाठी ९ अक्षरं लागतात (एक्झॉनची ३, इंट्रॉनची ६) आणि ३ प्राइमसाठी २३ (इंट्रॉनची २०, एक्झॉनची ३). दोन्ही गुण १० च्या वर असतील आणि मूळ इन्क्लूजन ९५ टक्के असेल, तर एसआर वाढवून दिसणार काय? मूळ आकडा ३० ते ७० मध्ये असलेलाच रिपोर्टर निवडा.

एसएमएन२ वापरणाऱ्यांना एक हुकमी पॉझिटिव्ह कंट्रोल मिळतो: आयएसएस-एन१ झाकणारा अँटिसेन्स ऑलिगो (त्या जागेला चिकटणारा न्यूक्लिओटाइडचा छोटा धागा). डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं नुसिनर्सेन हे औषध याच जागेवर बसतं. संशोधनासाठी २-ओ-मिथाइल किंवा एमओई रसायनाचा ऑलिगो ५० ते १०० नॅनोमोलर ट्रान्सफेक्ट करा. इन्क्लूजन ठळकपणे वाढायला हवं. वाढलं नाही तर मिनिजीनच्या इंट्रॉन ७ चा सुरुवातीचा भाग सिक्वेन्स करून घ्या, किंवा ट्रान्सफेक्शनच लागलेलं नाही. वाढलं, आणि एसआरएसएफ१ ने मात्र काहीच होत नाही, तर तो निकाल खरा मानून चाला: एसएमएन२ मध्ये त्याची जागा मोडलेली आहे. तोच डोस एसएमएन१ च्या मिनिजीनवर देऊन बघा, पण तिथे मूळ इन्क्लूजनच खूप वर असतं, म्हणून ५ प्राइम साइट एका अक्षराने कमजोर केलेला प्रकार लागेल. प्रोटीन थेट त्या एक्झॉनवरून काम करतं की आडवाटेने, हा प्रश्न उरला तर एन्हान्सरच्या जागी एमएस२ ची हेअरपिन (एमएस२ कोट प्रोटीन ज्याला धरतं तो आरएनएचा वळसा) घाला आणि एसआरएसएफ१ ची आरएस शेपटी एमएस२ कोट प्रोटीनला जोडून द्या; सोबत हेअरपिन मोडलेलं मिनिजीन आणि शेपटी नसलेलं नुसतं कोट प्रोटीन, हे दोन कंट्रोल असल्याशिवाय तो प्रयोग लावू नका.